माझा अंदाज चुकत नाही

सर, काल दुपारी कडोलीची एक पोरगी पेढे घेऊन माझ्या ऑफिसात आली, आणि तेव्हापासून मला तुमच्यासमोर जाऊन उभं राहावंसं वाटतंय. गणित चुकलं की फळ्याजवळ उभं करायचात ना, तसं. तुम्हाला जाऊन आता बारा वर्षं होत आली. माझं ऑफिस अजून खासबागेतच आहे, दवाखान्याच्या वरच्या त्याच दोन खोल्या. बारावी झालेली पोरं आईबापांना घेऊन येतात, मार्क सांगतात, मी मागच्या वर्षांच्या याद्या काढतो आणि कुठल्या कॉलेजात नंबर लागेल, कुठं लागणार नाही ते सांगतो. सांबऱ्यापासून निपाणीपर्यंतची माणसं येतात. 'अण्णा म्हणतील तसं' असं म्हणून फॉर्मवर सही करतात. दारावर पाटीही तीच आहे, 'आमचा अंदाज चुकत नाही'.

ती पाटी तुम्ही वाचली होती. डोळे तपासायला बेळगावला आला होता आणि विचारत विचारत जिना चढून वर आलात. मी तुम्हाला माझ्या खुर्चीत बसवलं, चहा मागवला, कॉम्प्युटरवर याद्या उघडून दाखवल्या. मला वाटलं, मास्तर खूश होतील. तुम्ही चष्मा पुसत विचारलंत, "खरंच चुकत न्हाय?" मी म्हणालो, "एकदाबी न्हाय, सर." तुम्ही बशीत चहा ओतलात, फुंकर घातलीत आणि म्हणालात, "मग कुणाला तरी कापत असशील, लेका." मी हसलो. आता पूर्वीसारखं राहिलं नाही सर, सगळं शास्त्रशुद्ध असतं, असलं काहीतरी बडबडलो. तुम्हाला स्टँडवर सोडून परत आलो तेव्हा डोकं असं तापलं होतं म्हणता! खेड्यातल्या शाळेत जन्म घालवलेल्या म्हाताऱ्याला यातलं काय कळतंय, असं मी मनात म्हणालो होतो. आज कबूल करतो.

तुमचं ऑफिस म्हणजे तुमचं स्वयंपाकघर. निपाणीजवळच्या आपल्या त्या गावात दहावीला शिकवलेली पोरं बारावी झाली की पुन्हा तुमच्याकडंच यायची. बाई चुलीपुढं भाकऱ्या थापतायत, तुम्ही भिंतीला टेकून बसलायत, मांडीवर ती निळ्या पुठ्ठ्याची वही, कानावर पेन्सिल. पोरानं मार्क सांगितले की तुम्ही वहीत काहीतरी लिहिता, वही मिटता आणि म्हणता, "भर की रं फारम." काय लिहिलं ते कधी दाखवत नाही. मग निकाल लागले की पुढच्या वर्षीच्या पोरांसमोर तीच वही उघडून मोठ्यानं वाचता, "ह्येचा नंबर लागणार न्हाय म्हंटलंतं मी. लागला! हितं मी चुकलो बघा." आणि असे खूश होता, जणू तुमचाच नंबर लागलाय. बाई तव्यावरनं बघतात आणि म्हणतात, "चुकल्याचं एवढं कौतिक कुठं बघिटलं न्हाय बाई."

माझ्या वेळेला मी मार्कलिस्ट घडी घालून खिशातच ठेवली होती. वडील तंबाखूच्या वखारीत कामाला, घरात शिकलेलं कुणी नाही, आणि मार्क तर सांगायची लाज वाटावी असे. तुम्ही ती माझ्या खिशातनं स्वतः काढलीत. मग सांगितलंत की आपल्या सीमाभागातल्या मराठी पोरांसाठी महाराष्ट्रातल्या सरकारी कॉलेजांत थोड्या जागा राखून ठेवलेल्या असतात. आपण राहतो कर्नाटकात, पण ते एक दार आपल्याला तिकडं उघडं आहे. मी म्हणालो, "सर, माझं काय तिकडं लागणार न्हाय." तुम्ही भडकलात. "न्हाय म्हणायचं काम त्येंचं हाय. आपण कशाला आधीच म्हणायचं? दोन्ही दारं वाजवायची!" दुसऱ्या दिवशी रजा टाकून तुम्ही माझ्यासोबत तहसील कचेरीत आलात. सीमाभागात राहत असल्याच्या दाखल्यासाठी आपण दोघं बाकावर बसून होतो, तुम्ही डब्यातली भाकरी अर्धी मोडून मला दिलीत. शेवटच्या यादीत माझं नाव लागलं. त्याच जोरावर आज मी अण्णा झालोय.

आता त्या पोरीचं सांगतो. जूनमध्ये ती बापासोबत आली होती. बापाचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. शेतावरच्या जळलेल्या मोटारी उघडायच्या, तांब्याची तार काढून नवी भरायची. ही लहानपणापासून त्याच्या शेजारी बसून तार गुंडाळते. बोटांना वार्निशचा वास येतो, म्हणून हात सारखे ओढणीत लपवत होती. दोन्ही राज्यांच्या परीक्षा दिलेल्या. तिला इलेक्ट्रिकल पाहिजे होतं, आणि तेही पलीकडच्या सरकारी कॉलेजातलं. म्हणाली, "अण्णा, सीमाभागाच्या जागेवर मला मिळंल का हो?"

सर, त्या जागांचं काय असतं ते मला पक्कं ठाऊक आहे. जागा मोजक्या, त्यामुळं यादीतल्या शेवटच्या नंबराचे मार्क एका वर्षी आभाळाला टेकतात आणि पुढच्या वर्षी धपकन खाली येतात. अंदाज बांधताच येत नाही. आणि जिथं अंदाज बांधता येत नाही तिथं मी पोरांना जाऊच देत नाही. गेली कित्येक वर्षं मी हेच करत आलोय. फॉर्म भरला आणि नंबर लागला तर माझं 'नाही' खोटं पडतं, आणि 'हो' म्हणून नाही लागला तर 'हो' खोटं पडतं. फॉर्मच भरला नाही की काहीच खोटं पडत नाही. आहे की नाही सोपं? फॉर्म भरायला तिचं काय जाणार होतं? तहसीलला एक फेरी, बस्स. तरी मी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणालो, "उगंच आशेला लागू नको गं. तिकडचं सोड. हितं सिव्हिल नक्की मिळतंय, लिहून देतो."

बाप मात्र घुटमळला. दारापर्यंत गेला आणि मागं वळला. "अण्णा, दाखला काढून ठेवू काय? आसूं दे म्हणून?" मी म्हणालो, "कशाला हेलपाटे घालताय?" तो बरं म्हणाला. जिना उतरताना पोरीला म्हणत होता ते मला ऐकू आलं, "अण्णा सांगत्यात म्हंजे आसंलच काहीतरी." माझ्यावर एवढा विश्वास त्यानं कशाला टाकावा सर? रागच आला मला त्याचा. अजून येतो, आणि तो येतो याचीही लाज वाटते.

गेल्या आठवड्यात पलीकडची शेवटची यादी लागली. मी बघितली. मला बघायची काही गरज नव्हती, तरी बघितली. तेच कॉलेज, तेच इलेक्ट्रिकल, सीमाभागाची जागा, आणि ती मिळालेल्या पोराचे मार्क हिच्यापेक्षा कमी. चांगले कमी. दोनदा बघितलं, मग स्क्रीन बंद केला. आता काही होण्यासारखं नाही, मुदत कधीच संपली. पोरीला इथं सिव्हिल मिळालं, मी लिहून दिलं होतं अगदी तसंच.

म्हणून काल ती पेढे घेऊन आली. नवा ड्रेस, केसात मोगरा, आणि हात या खेपेला उघडे. वाकून पाया पडली. मी पाय मागं घेतले, तर तिला वाटलं संकोच करतोय. म्हणाली, "अण्णा, तुम्ही म्हंटलं तस्संच झालं! आप्पा सगळ्यास्नी सांगत सुटलेत." मी विचारलं, सिव्हिल आवडतंय का? ती म्हणाली, "आवडंल की हळूहळू. मोटारी काय, सुट्टीत घरी आल्यावर भरायला हायतच." हे ती हसून म्हणाली, सर. मग म्हणाली, "पुढच्या वर्साला धाकटीची बारावी हाय. तिलाबी तुमच्याकडंच आणतो."

ती गेल्यावर मी कपाटातनं तुमची वही काढली. तुमचं दिवसकार्य झालं तेव्हा बाईंनी ती माझ्या हातात दिली होती. म्हणाल्या होत्या, "आता तुझंच काम हाय हे, ठेव." बारा वर्षांत मी ती एकदाही उघडली नव्हती. काल उघडली. माझं वर्ष शोधलं, माझं नाव सापडलं. मला आयुष्यभर वाटत होतं की तुम्हाला माझी खात्री होती. तुम्ही सांगितलंत म्हणजे लागणारच, म्हणून तर मी त्या बाकावर निवांत भाकरी खात बसलो होतो. तुमच्या बारीक अक्षरात पेन्सिलीनं लिहिलंय, 'लागणं कठीण. तरी भरायचा.' आणि खाली, नंतर कधीतरी लिहिलेलं, 'चुकलो!' त्या उद्गारचिन्हाच्या जागी तुम्ही पेन्सिल एवढी दाबलीय की कागदाला भोक पडलंय. मी वही उघडी ठेवून रडलो, या वयात. खालच्या दवाखान्यात पेशंट बसले होते म्हणून तोंड दाबून.

हे पत्र कुठं टाकायचं? तुमच्या वहीतच घालून ठेवतो. धाकटी येईल तेव्हा दोन्ही दारं वाजवायला लावीन, हे आज लिहितोय खरं, पण माझा काय भरवसा? पाटी अजून काढलेली नाही. सकाळी स्टूलावर चढलो होतो, तेवढ्यात कुणीतरी आईबाप जिना चढून आले आणि मी उतरलो. पाटी पुसतोय असं त्यांना म्हणालो.

आणि एक राहिलं. पेढ्याचा बॉक्स पुढं करून पोरगी उभी होती तेव्हा 'हितं मी चुकलो' हे तुमचे तीन शब्द माझ्या तोंडात आले होते, खरंच आले होते. पण तोंडातनं निघालं, "बघ, मी सांगिटलंतं का न्हाय?" आणि मी पेढा खाल्ला. ती म्हणाली, आणखी एक घ्या की अण्णा, आणि मी आणखी एक घेतला.