बांगड्या थांबल्या तवा

अंकिताच्या बाबाले जयाचा नमस्कार.

हिंगणीले भावाच्या वावरात कापूस वेचणं सुरू आहे. मी बरी आहे. इथं मोबाईलले टावर नाई, म्हणून हा कागद. अंकिता जेवते का? सासूबाईचे गुडघे कसे आहेत?

वाघाचं ऐकलं असन, पण काळजी करू नका. आम्ही बाया मोठ्यानं बोलतच वेचतो. छत्तीसगडच्या सुकवारोले आपलं बोलणं येत नाई, पण तिच्या बांगड्या वाजत असतात. वाजल्या म्हणजे सारं ठीक, असं कोणी न ठरवताच ठरलं.

काल बांगड्या थांबल्या. आम्ही साऱ्या उभ्या झालो. तिनं बांगड्या मुठीत दाबल्या होत्या अन् धुऱ्यापलीकडं, वावराच्या बांधाबाहेर, वाघ बसला होता. आम्ही डबे बडवले, तवा कुठं वाघ उठून गेला.

आता पाणी प्याले जायचं असलं तं ती आधी दोनदा बांगड्या वाजवते, आम्ही घाबरू नये म्हणून.

तुमचं न ऐकता मी आली, तवापासून तुमचं एक अक्षर नाई. तिच्या बांगड्या थांबल्या तं काय समजायचं, मले माहीत आहे. तुमच्या चुप बसण्याचं काय समजू?

रागात असान तं राहा, पण दोनदा तरी वाजवा.

तुमची जया