लाल मफलरवाला

दादा, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि आज मला तुमच्याशी एका लांडग्याबद्दल बोलायचं आहे. हसू नका.

आखाडा बाळापूरच्या आपल्या घराची पुढची खोली आठवते ना? कोनाड्यात रंगीत टीव्ही, त्याखाली व्हिडिओ, खिडक्यांना पोती लावून केलेला अंधार. बाजाराच्या दिवशी दुपारी पैसे देऊन पिक्चर बघायला आलेले लोक पिशव्या मांडीवर घेऊन दाटीवाटीने बसायचे आणि खोलीभर मेथीचा नि घामाचा वास सुटायचा. कॅसेट सकाळी नांदेडहून एस्टीने यायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायची. त्यामुळे पिक्चर आधी बघून ठेवायला तुम्हाला कधी सवडच मिळाली नाही. हिंदी असला तर प्रश्न नव्हता. इंग्रजी असला की तुम्ही टीव्हीशेजारी स्टुलावर बसायचात आणि आवाज बारीक करून तो लोकांना सांगायचात. इंग्रजीचं एक अक्षर येत नसताना! लोकांबरोबर तुम्हीही पहिल्यांदाच बघत असायचात, पण थाट असा की ती गोरी माणसं तुमच्या रोजच्या उठण्याबसण्यातली आहेत. असा बाप आपला, म्हणून मला तुमचा फार अभिमान वाटायचा.

लांडग्याचा तो पिक्चर असाच आला. डोंगरातली एक खानावळ, बाहेर बर्फ, पूल तुटलेला, आत अडकलेली सात अनोळखी माणसं आणि त्यांच्यातलाच एक जण पौर्णिमेला लांडगा होणारा. "ह्यो कापूस न्हाई उडून राहिला बरं का, बर्फ हाय," तुम्ही सांगताय. "पूल गेला वाहून. आता एस्टी न्हाई की काई न्हाई. कोण कुठला, कुणाला ठावं न्हाई." मग तुम्ही त्यांना गावं वाटून देता. जाडा तो वसमतचा हळदीचा व्यापारी, चष्मेवाली ती डोंगरकड्याची मास्तरीण. लोक खूश. आणि कोपऱ्यात लाल मफलर गुंडाळून सूप पिणारा म्हातारा दिसल्याबरोबर तुम्ही काचेवर बोट ठेवता, "ह्यो. ह्योच लांडगा हाय. ध्यानात ठेवा."

पुढे बसलेली एक बाई म्हणते, "काहून हो? गरीब दिसून राहिला की बिचारा."

"म्हणूनच. समदे दाराकडं बघून राहिले, ह्यो एकटाच निवांत जेवून राहिला."

त्या दिवशी आमचे इंग्रजीचे सर पहिल्यांदाच आले होते. मी आठवीत, वर्गात पहिली, डोक्यात हवा गेलेली. पडद्यावर बाकीच्यांनी म्हाताऱ्याला धरलं, तो हात जोडून रडायला लागला आणि मी ताडकन उभी राहिले. "दादा, तो म्हणतोय मी नाही म्हणून! येत नाही तर खोटं कशाला सांगता?" सगळी खोली हसली. सर सगळ्यात मोठ्याने हसले. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, पण रागावला नाहीत, आणि तेच वाईट झालं. "बरं बाई, तू सांग मग," एवढंच म्हणालात. मला कुठे सांगता येत होतं! तेवढ्यात लाईट गेली ती बराच वेळ आली नाही. गाडीची वेळ झाली, कॅसेट परत गेली आणि लांडगा कोण ते बाळापुरात कुणालाच कळलं नाही.

पण त्यानंतर तुम्ही त्या स्टुलावर बसला नाहीत. इंग्रजी पिक्चर आला की आवाज मोठा करून बाहेर ओट्यावर जायचात आणि आत लोक मुक्यासारखे बघत बसायचे. "मालक, सांगा की," असं कुणी म्हटलं तर तुमचं उत्तर ठरलेलं. "आता पोरगी शिकून राहिली, तिला इचारा." त्यात टोमणा नव्हता, कौतुक होतं, म्हणून तर ते मला अजून टोचतं.

पुढे नांदेडच्या दवाखान्यात, तुमच्या शेवटच्या आठवड्यात, मी मोसंबी सोलत बसले होते. तोवर मी स्वतः शाळेत इंग्रजी शिकवायला लागले होते. तुम्ही मध्येच विचारलंत, "बाई, त्यो म्हातारा खरंच लांडगा न्हवता का गं?" कुठला म्हातारा, असं मला विचारावं लागलं नाही. इतकी वर्षं तो आपल्या दोघांच्या मध्येच बसलेला होता.

मी म्हणाले, "नव्हता, दादा."

"मंग चुकलंच माजं," म्हणत तुम्ही फोड तोंडात घातलीत.

गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी लेकीने टीव्हीवर कुठला तरी जुना भीतीचा पिक्चर लावला. मी गहू निवडत होते. सहज वर बघितलं तर बर्फ, तुटलेला पूल आणि कोपऱ्यात लाल मफलर. ताट बाजूला सारलं आणि शेवटपर्यंत बघितला. सगळी नावं वर सरकून गेली तरी मी बसूनच. लेक म्हणाली, "आई, रडतेस काय? मेला की लांडगा."

हे पत्र टाकायला पत्ता नाही, तेव्हा ते गव्हाच्या डब्याखाली राहील. एक कबूल करायचं आहे. दवाखान्यात तुम्ही विचारलंत तेव्हा मला काही माहीत नव्हतं. "कोण जाणे, दादा," एवढं म्हटलं असतं तरी तुम्हाला पुरलं असतं. पण शिकलेल्या पोरीच्या तोंडून ते निघालं नाही.

म्हातारा लांडगाच होता, दादा. तुमचं बराबर होतं.