राख नदीत सोडू नये म्हणून

मी, रवी कारभारी बोरस्ते, वय बावन्न, राहणार सातपूर, नाशिक, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉ. तृप्तीताईंनी दिला आहे. त्यांनी माझे आराखडे वाचलेले नाहीत.

जागतिक पर्यावरणीय आव्हानांसाठी दीर्घकालीन आराखडे लिहून देणे हा माझा व्यवसाय. उद्दिष्टाचे साल असे धरायचे की तेव्हा सही करणारा एकही साहेब जाब द्यायला उरणार नाही. नक्की अमलात येईल असा माझा आराखडा हा पहिलाच.

१. राहते घर व बँकेतील ठेवी पत्नी उज्वला हिला. तिच्या पश्चात मुलगी निकिता हिला.

२. आराखड्यांच्या छापील प्रती रद्दीत द्याव्यात. कागद गुळगुळीत आहे, भेळवाला घेणार नाही.

३. धाकटा बंधू दीपक यास माझी कुदळ. त्याने अंगणभर पेव्हर ब्लॉक बसवून दर पावसाळ्यात पाणी माझ्या जिन्याखाली पाठवले आहे. कुदळ कशाला, हे त्याला कळेल.

४. माझे दहन विद्युतदाहिनीत करावे. राख रामकुंडात किंवा गोदावरीत कुठेही सोडू नये. इगतपुरीजवळच्या आमच्या जमिनीच्या तुकड्यात पुरून वर जांभूळ लावावे. नदीत काही टाकू नका, असे जन्मभर लोकांना लिहून दिले. स्वतःपुरता अपवाद केला, तर मीही साहेबच.

या कलमावरून आई, चंद्रभागाबाई, माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. त्याआधी मात्र बोलली:

"लोक कुठून कुठून राख घेऊन नाशकाला येतात. आणि तू इथला असून उलटा इगतपुरीला निघालास?"

"आई, नदीची हालत बघ ना."

"तुझ्या मूठभर राखेनं तिला काय होतंय?"

हेच वाक्य बैठकांत अनेक साहेबांकडून ऐकले आहे. त्यांच्यापुढे तक्ता ठेवता यायचा, आईपुढे नाही. शिवाय आईचा शब्द नसेल, तर कागदावर काहीही असो, दीपक कलश घेऊन सरळ रामकुंड गाठणार, याची मला खात्री होती.

आज सकाळी दीपकसोबत चहा घेताना तीच म्हणाली, "आण तो कागद."

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, हे मी तिला रीतसर सांगितले.

"जिवंतपणी काय मिळालं?" म्हणत तिने सहीसाठी पेन उचलले. मग दीपककडे वळून म्हणाली, "ऐक रे. याची राख तिकडंच न्यायची. आणि नंबर माझा आधी आहे, तर माझीही तिकडंच."

दीपकने माझ्याकडे पाहिले, मी त्याच्याकडे.

"बघता काय? मला पोहता कुठं येतं!"

दीपक "बरं" म्हणाला. सबब कलम चार कायम. छातीवरचा धोंडा उतरला आहे. आता मरायची मला काहीच घाई नाही.

वरील मजकूर वाचून, पटवून, साक्षीदारांसमोर सही केली.

रवी कारभारी बोरस्ते

साक्षीदार:
१. चंद्रभागा कारभारी बोरस्ते (सही स्वतःची, चष्मा उज्वलाचा)
२. दत्तू चिमाजी गांगुर्डे, शेजारी

स्थळ: सातपूर, नाशिक
दिनांक: ६ जून २०२५ (काल पर्यावरण दिन होता, सगळे रोपांसोबत फोटो काढण्यात गुंतले होते)