चौदावं माणूस

शिकागो, मार्च १८९४

प्रिय ल्युदमिलाताई,

मी धडधाकट आहे, पोटभर जेवतो. आईला तसंच सांग. तिचा खोकला कसा आहे? मी कॉलेज सोडलं म्हणून बाबा अजून धुमसतायत का?

इथल्या गरीब वस्तीसाठी सेवागृह चालवणाऱ्या बाईंसाठी मी घरोघरची माणसं मोजतो. तीन खोल्यांत तेरांहून जास्त निघाली, की नकाशात ते घर काळं रंगवायचं. काळ्या घरांतले सगळे पोटभाडेकरू हाकलणार, असं घरमालक सांगत फिरतोय.

काल मी राहतो त्याच घराची पाळी. माझ्यासकट चौदा! घर चालवणाऱ्या हालामोवाकाकू म्हणाल्या, "आठ लिही. बाकीचे पाहुणे."

"दोन वर्षं मुक्काम ठोकलेले?"

"मग काय झालं? गुणी पाहुणे आहेत!"

त्यांची मुलगी ब्लाझेना (हो, तीच) फणकारली, "अख्खी वस्ती थापा मारते, तुझा खरेपणा नेमका आमच्याच दारात जागा झाला!"

डोकंच फिरलं. खोटं लिहवेना, तिला दुखववेना. शेवटी गाठोडं उचलून सेवागृहात राहायला आलो आणि तेरा लिहिले.

आज तोऱ्यात सांगायला गेलो, तर माझ्या खाटेवर एक तरणाबांड लोहार! काकू म्हणाल्या, "खाट काय रिकामी ठेवू?" ब्लाझेना त्याला सूप वाढत होती.

ताई, आता खरं, म्हणजे चौदा, लिहायला हात नुसता शिवशिवतोय, आणि त्याचीच लाज वाटतेय.

तुझाच तापट
वोय्तेख