काचेला चिकटलेला फोटो

आबा, आज सकाळपासून दुकानात गिऱ्हाईक नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. श्रीरामपूरचं तुमचं फ्रेमचं दुकान अजून त्याच गल्लीत आहे आणि मीच ते चालवते.

लग्न होऊन पारनेरकडून या घरात आले, तेव्हा सासरे म्हणजे पदर सावरून ज्यांच्यापुढे ताट ठेवायचं ते, एवढंच मला ठाऊक होतं. एका सकाळी मी स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर घालायला कागद कापत होते. तुम्ही चहाला आलात आणि बघतच राहिलात. "पट्टी न लावता एवढं सरळ कापतीस व्हय?" मी घाबरून कात्री खाली ठेवली. तुम्ही म्हणालात, "उद्यापासून दुकानात ये." सासूबाई चिडल्या. "सुनेला बाजारात बसवता? लोक काय म्हणतील?" तुम्ही बशीतला चहा संपवलात. "फोटो सरळ लागला का वाकडा, एवढंच लोक बघत्यात."

वर्षभरात मी काच कापायला शिकले, फ्रेमच्या लाकडी पट्ट्यांचे कोपरे जुळवायला शिकले. हात बसला तशी थोडी घमेंडही आली. अशातच पुणतांब्याचे एक म्हातारे शेतकरी धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली फ्रेम घेऊन आले. गोदावरीचं पाणी घरात शिरलं होतं आणि त्यांच्या बायकोचा फोटो ओलाव्यानं काचेला चिकटला होता. ती गेलेली, आणि तिचा तेवढा एकच फोटो. "काच तेवढी बदला," म्हणाले, आणि बाजार करायला गेले. तुम्ही पट्ट्या आणायला नगरला गेला होतात. तुम्ही यायच्या आत काम करून दाखवावं, असं माझ्या मनात आलं. मी एक कोपरा धरला आणि ओढला. फोटो सुटला, पण त्या बाईचा डावा गाल काचेवरच राहिला.

तुम्ही परत आलात तेव्हा मी काच हातात धरून बसले होते. तुम्ही ओरडला नाहीत. "घाई कुणाला हुती? त्यांना?" मी नाही म्हणून मान हलवली. "मग कुणाला?" मी म्हणाले, "पाण्यानंच खराब झालाय, असं सांगू या का?" तेव्हा मात्र तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. "तू काढला, तूच सांगायचं. मी हितंच उभा हाय."

ते शेतकरी आजोबा बाजाराची पिशवी घेऊन येतात. मी सांगते. ते चष्मा चढवतात, फोटो बघतात, मग काच उजेडाकडे धरतात आणि काचेवरच्या त्या गालाकडे कितीतरी वेळ बघत राहतात. मला रडू फुटतं. ते खाली बसून म्हणतात, "आता कसं करायचं, पोरी?" एवढंच. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग तुम्ही तीच काच टेबलावर ठेवलीत आणि फोटो तिच्यावर परत, केसाएवढाही न हलवता, जागच्या जागी बसवलात. मला म्हणालात, "दाबून धर. हात हलू देऊ नको." शेजारच्या स्टुडिओवाल्यानं काचेवरूनच त्याचा फोटो काढला. आठवड्यानं नवी प्रत आली. गालाभोवती बारीक रेघ होती, पण चेहरा पुरा होता. या वेळी फोटो आणि काच यांच्यात जागा सोडून फ्रेम मी केली. आजोबा न्यायला आले तेव्हा तुम्ही त्यांना म्हणालात, "ह्ये काम आमच्या सूनबाईंनी केलंय. काही अडचण आली तर त्यांनाच विचारा." त्यांनाच! घरात अगं-तुगं करणारे सासरे बाजारात मला अहो-जाहो करत होते, तेही माझ्या हातून एवढं नुकसान झाल्यावर. आजोबा फ्रेम छातीशी धरून म्हणाले, "हिनं खोटं न्हाई सांगितलं, म्हणून मी परत आलो." त्या दिवशी घरी जाताना मी पहिल्यांदा तुमच्या मागून नाही, बरोबरीनं चालले.

आता लोक मोबाईलमधले फोटो छापून आणतात. चिकटलेला फोटो आला तर मी ओढत नाही, काचेसकट स्कॅन करते. उन्हाच्या भिंतीवर लावू नका, स्वयंपाकघरात तर नकोच, असं प्रत्येकाला बजावते.

पण गेल्या महिन्यात एक कुटुंब जुनी फ्रेम घेऊन आलं. फोटोला चहूबाजूंनी तपकिरी डाग पडले होते. मागचा पुठ्ठाच फोटो खात होता. आपण वापरायचो तो साधा पुठ्ठा वाईट, त्यातल्या आम्लानं फोटो डागाळतो, हे मला तुमच्या माघारी कळलं. पुठ्ठ्यावर तुमचं अक्षर होतं. मी पुठ्ठा बदलला, कारणही सांगितलं. त्यांनी विचारलं, "हे केलं कुणी?" मी म्हणाले, "जुनं काम आहे, काय माहीत."

तुम्ही असतात तर स्वतःच पुढं होऊन सांगितलं असतंत. मला नाही जमलं, आबा. हे पत्र कुणाच्या हाती पडणार नाही, म्हणून निदान इथं लिहिलं.