अंग माझं, ऑपरेशनही माझं

वारजे, पुणे
१२ फेब्रुवारी २००५

ती. शालनताईस,

धाकट्या दीपमालेचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. पालथं पडणं मला गेल्या तीस वर्षांत जमलेलं नाही, आणि पत्राचा विषयही तोच आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला थंडीबरोबर गेला का? परवा तू आपटलास तो फोन शाबूत असावा. आपटण्यापूर्वी म्हणालीस, "देवानं दिलेलं कापून घेतेस, लाज नाही वाटत?" त्याचं उत्तर पत्रानं देते आहे, कारण पत्र मधेच आपटता येत नाही.

देवानं दिलं हे कबूल. देवानं तुला पित्ताशयात खडेही दिले होते. ते तू गेल्या दिवाळीत काढून घेतलेस, आणि वर बाटलीत भरून फराळाला आलेल्या पाहुण्यांना दाखवलेस. माझं ओझं मी तेराव्या वर्षापासून वाहते आहे. शाळेत दप्तर छातीशी धरायचे, कॉलेजात फाइल, आता कंपनीच्या बसमध्ये जेवणाचा डबा. हिंजवडीपर्यंत खड्डे किती आहेत ते मला विचार, प्रत्येकाला मी डबा घट्ट आवळते. बॉडीच्या पट्ट्यांनी दोन्ही खांद्यांत अशा खाचा पडल्यात की पावली उभी राहील. उन्हाळ्यात खालची कातडी सोलवटते. मान दुखते, पाठ दुखते. ज्याचं जळतं त्याला कळतं, ताई.

उपाय केले नाहीत असं समजू नकोस. हाडांच्या डॉक्टरांनी पट्टा दिला. दुसऱ्यांनी उशी बदलायला सांगितली. तिसरे म्हणाले, वजन कमी करा. केलं. अकरा किलो गेले, ते गालांवरून आणि मनगटांवरून गेले (बांगड्या गळायला लागल्या), जिथून जायला हवे होते तिथलं तोळाभर हललं नाही. कंपनीनं नवी खुर्ची दिली. तिला सात खटके आहेत, माझ्या उपयोगाचा एकही नाही. शेवटी शैला (आमची ब्लाउज शिवणारी, माझी खरी मापं तिलाच ठाऊक) टेप गळ्यात अडकवून म्हणाली, "ताई, मी तरी किती टक्स घालू? आता डॉक्टरांनीच घालायला हवेत." तेवढं एकच शहाणपणाचं बोलणं मी इतक्या वर्षांत ऐकलं.

डॉक्टर बाई आहेत, वयानं तुझ्या राजनंदिनीएवढ्या. त्यांनी कागदावर चित्र काढून सगळं सांगितलं, काही झाकून ठेवलं नाही. पूर्ण भूल, तीन-चार तास, मग दोन दिवस दवाखान्यात. दोन्ही बाजूंना नळ्या राहतील, त्या लवकरच काढतात. जहाजाच्या नांगरासारखा व्रण राहील, तो वर्षभरात फिका होईल, पण पुसला जाणार नाही. काही जागा बधिर होतील, कदाचित कायमच्या. सहा आठवडे रात्रंदिवस घट्ट आधाराची बॉडी घालायची, उताणं झोपायचं, जड उचलायचं नाही. काढलेला भाग तपासणीला जातो. हे सगळं चाललं असताना आमचे हे (आले होते, एवढं त्यांच्या नावावर मांड) खिडकीतून रहदारी बघत होते. "तुम्हाला काही विचारायचंय?" असं डॉक्टरांनी म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "गाडी कुठे लावायची?"

पुढे ह्यांनी सोसायटीत परस्पर सांगून टाकलं की खांद्याचं ऑपरेशन आहे. तीन दिवसांत घरात मालिशच्या तेलाच्या पाच बाटल्या जमल्या. मग काल हळदीकुंकवात वाण घेता घेता मीच सांगितलं, खांद्याचं नाही, छातीचं आहे, आजार नाही, ओझं आहे आणि मला ते नको आहे. तिळाची वडी चावल्याचासुद्धा आवाज येत होता. आज सकाळी चंपाताईंनी जिन्यात गाठून डॉक्टरांचा नंबर मागितला, नणंदेसाठी. (चंपाताईंना नणंद नाही.)

तेव्हा तू ये किंवा येऊ नकोस. बावीस तारखेला, मंगळवारी, मी जाणार. आईनं मला पोक काढून चालायला शिकवलं, तू ओढणी दुहेरी घ्यायला शिकवलंस. दोघींचाही राग नाही. (थोडा आहे.) एकतीस वर्षं वाकून चालले, उरलेली ताठ चालणार. वर्ध्याच्या लोकांना काय म्हणायचं ते त्यांनी वर्ध्यात म्हणावं. भाऊजींना नमस्कार, राजनंदिनीला आशीर्वाद.

तुझी, तू कितीही फोन आपटलेस तरी तुझीच,
दीपमाला

ता. क. एक राहिलं. पहिले दोन-तीन आठवडे हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत, म्हणजे मला वेणी घालता येणार नाही. ह्यांच्याकडून परवा सराव करून घेतला, गुंता सोडवायला अर्धा तास लागला. तू घालायचीस ती वेणी इतकी घट्ट असायची की डोळे तिरपे व्हायचे. तशीही चालेल.

ता. क. २. भुलीतून जाग आलीच नाही तर, हे मी कुणालाच विचारलेलं नाही. डॉक्टरांनाही नाही. भीती वाटते, ताई. वीस तारखेचं तिकीट सोबत जोडलं आहे. खालचा बर्थ आहे, तुझ्या गुडघ्यांसाठी.

ता. क. ३. येताना तुझा तो मोरपंखी ब्लाउज आण. धाकट्या काकाच्या लग्नात "उसवशील" म्हणून मला दिला नव्हतास, तोच. अजून ट्रंकेत आहे, राजनंदिनीकडून खात्री करून घेतली आहे. डॉक्टरांनाही विचारलं आहे. या वेळी उसवणार नाही.