उजव्या डोळ्याची लेन्स

१० जाने., शनि.

तुरीची डाळ निवडाले बसली. डाव्या डोळ्यानं खडे सापडतात, उजव्यानं डाळ अन खडा सारखाच. शेवटी उजवा झाकून निवडली. म्हणजे उजवा आता नावालेच आहे.

श्रीकांतसंगं खामगावले जाऊन आली. डॉ. म्हणे, "बाई, उजव्याचा मोतीबिंदू पिकला. आता थांबू नका." २८ तारीख दिली. काउंटरवरच्या पोरीनं विचारलं, "लेन्स देशी टाकायची की इम्पोर्टेड?" चहा साधा का स्पेशल विचारावं तसं. मी म्हटलं, "देशी. डाव्यात टाकली तीच." पोरीनं फाईलीत पाह्यलं, मंग श्रीकांतकडे पाह्यलं. श्रीकांत म्हणे पाण्याची बाटली घेऊन येतो, अन निघून गेला. बाटली माझ्या पिशवीत होती. भरलेली.

येताना एसटीत नांदुऱ्यापर्यंत खिडकीबाहेर पाहत बसला. पोटचा पोरगा आहे, लहानपणापासून वाचून राह्यली त्याले. तो काहीतरी लपवते.

१२ जाने., सोम.

सुनेचं, मनीषाचं, हळदीकुंकू २१ ले. हे गेल्यापासून मी कुंकू लावून घेत नाही, पण वाण माझ्या पसंतीचं, हे घरात ठरलेलं. यंदा तिनं न विचारता आणलं. प्लास्टिकचे गुलाबी डबे, झाकणावर फुलं. मी सवयीनं डबा उलटा केला. बुडावर 'मेड इन चायना'.

"वापस कर."

"आई, सगळ्याच बाया हेच वाटतात."

"म्हणूनच."

तीस वर्षं शाळेत पोट्ट्याईले हेच शिकवलं. कंपास असो का डबा, आधी बूड पाहा, कुठं बनलं ते वाचा, मंग हात लावा. मागून मले 'बूडपाहू बाई' म्हणत. म्हणत तं म्हणत. अजून बजारात एखादा मोठा झालेला पोट्टा भेटला का हातातली वस्तू उलटी करून दाखवते अन हसते.

डबे वापस गेले. गल्लीतल्याच बाईकडे कापडी पिशव्या शिवाले टाकल्या. मनीषानं तोंड एवढं केलं. "बाया हसतील." हसू दे. माझ्या डाव्या डोळ्यात देशी लेन्स आहे अन मी सुईत दोरा ओवते, हे दोन वर्षांपासून याच बायाईले सांगून राह्यली. ऐकून तिघींनी देशीच टाकली. तेव्हा नाही कोणी हसलं.

१४ जाने., बुध. संक्रांत

तिळगूळ झाला. दुपारी डॉ.ले दाखवाचे जुने कागद शोधले. माझी फाईल माझ्या कपाटात नाही. श्रीच्या कपाटात सापडली, खाली, स्वेटरच्या आत. काऊन?

फाईलीत एक छोटं कार्ड, प्लास्टिकच्या पाकिटात. त्यावर पट्टी चिकटवलेली, मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं. माझं नाव. डावा डोळा. खाली कंपनी. त्याच्या खाली मेड इन जर्मनी.

तीनदा वाचलं. चष्मा पुसून चौथ्यांदा.

अन वाचलं कशानं? उजव्यानं तं काही दिसत नाही. डाव्यानंच वाचलं.

जगाच्या डब्या-बाटल्याईचे बुडं पाह्यले. आपल्या डोळ्याचं तेवढं राह्यलं.

जेवण गेलं नाही. गोड बोला म्हणे. आज नका सांगू मले कोणी.

१५ जाने., गुरु.

श्री मलकापूरहून कामावरून आला, सायंकाळच्या गाडीनं. कार्ड त्याच्या चहाजवळ ठेवलं. चहा तसाच राह्यला.

"सांगतलं काऊन नाही?"

"सांगतलं असतं तं तू टाकू दिली असती?"

"नाही."

"म्हणून."

मनीषालेही माहीत. दोन वर्षं दोघं माझं भाषण ऐकून राह्यले, अन वरून ऐकणाऱ्याईले चहा देऊन राह्यले. मी लय बोलली. नको ते बी बोलली. मायच्याच डोळ्यात धूळ फेकली म्हटलं. श्रीनं सगळं ऐकून घेतलं. मंग खाली पाहून म्हणे, "बाबाच्या दुखण्याच्या वेळी मले काही निवडताच आलं नाही, आई. जे समोर आलं ते केलं. तुझ्या वेळी कोणी तरी विचारलं, कोणतं पाहिजे. मी म्हटलं, सगळ्यात भारी."

दोघंही रडलो. पण राग गेला नाही. प्रेमानं केलं हे खरं. डोळा माझा होता, हेही खरं.

१७ जाने., शनि.

सकाळपासून एकच घोर. त्या तिघी. माझ्या भरवशावर देशी टाकून बसल्या, अन मी स्वतः जर्मनीतून पाहून राह्यली. त्यांचं काही बिघडलं असन तं?

बजारात रुख्माबाईले गाठलं. पिंपळगाव राजाहून मेथी-पालक घेऊन येते. माझं ऐकून पहिली तिनंच टाकली होती. घरून सुई-दोरा घेऊन गेली होती मी. म्हटलं, ओवून दाखव.

"बजाराच्या टायमाले सुई? बाई, बरं हाय ना तुमचं?"

पण ओवला. एका फटक्यात. मंग तिले सगळं सांगतलं. गिऱ्हाईक उभं होतं तरी सांगतलं, नाही तं पुन्हा धीर झाला नसता.

मेथीची जुडी बांधता बांधता म्हणे, "तुमच्या डोळ्यात कुठचं हाय ते मले काय करा लागते? मले मेथीतलं गवत दिसते. तुमचं सांगनं खरंच निंगालं ना."

"पण मी खोटं बोलली, रुख्मा."

"तवा तुमाले मालूम नव्हतं. आता मालूम पडलं. आता बोला नं."

जुडी बळंच पिशवीत टाकली. शाळेत एक दिवस गेली नाही ही बाई, अन मले धडा देऊन गेली. हळदीकुंकवाले सगळ्याईसमोर बोलाचं. ठरलं.

२१ जाने., बुध.

घर भरलं. पिशव्याईले कोणी हसलं नाही. एकीनं पिशवी उलटी करून बूड पाह्यलं, तेव्हा सगळ्या हसल्या. मीही.

मंग उठली. मधात उभी राह्यली. आयुष्य गेलं फळ्यासमोर, पण आज फळा मागं नव्हता. सांगतलं. माझा डावा जर्मनीचा आहे. दोन वर्षं तुम्हाले चुकीचं सांगतलं. मले माहीत नव्हतं, पण सांगतलं तं मीच.

मंग मागून आवाज: "वा वं! बाईले फॉरेनचं अन आमाले देशी!" हशा पिकला. लागलं मले. दिसाले तं तसंच दिसत होतं ना.

तेवढ्यात मनीषानं हातातलं ताट खाली ठेवलं. "आईले माहीत नव्हतं. आम्ही लपवलं. मी अन यांनी." रोज माझ्या एका शब्दाले दोन शब्द देणारी पोरगी. भर हळदीकुंकवात, आपल्याच पाहुण्याईसमोर. डब्याईचं एवढं कडक बोलाले नको होतं तिले. (वापस मात्र केलेच असते.)

मंग म्हटलं, २८ ले उजव्यात देशी टाकून राह्यली. एकाच डोक्यात दोन्ही राहतील. जे दिसन ते येऊन सांगीन. कमी दिसलं तं कमी सांगीन.

श्रीले घरी आल्यावर समजलं. "आई, तो डोळा आहे. भाषण नाही."

२३ जाने., शुक्र.

कोणाले न सांगता एकटी खामगावले गेली. डॉ.ले सरळ विचारलं, "तुमच्या आईच्या डोळ्यात कोणती टाकाल?"

डॉ. हसले. म्हणे, "माझ्या आईला मी विचारीन, बाई. दोन्ही चालतात तुमच्या डोळ्याला. ठरवायचं तुम्ही."

बस. हेच ऐकाले गेली होती.

फॉर्म मीच भरला. 'देशी'पुढं खूण माझी, खाली सही माझी. काउंटरवरच्या पोरीले म्हटलं, "याखेपी कोणी बदलाले आलं तं मले फोन कर." ती लाजली. बिचारीचा काय दोष.

एसटीत मात्र मनात आलं, कमी दिसलं तं? म्हातारीनं जिद्दीपायी डोळा घालवला म्हणतील. श्री तोंडानं म्हणणार नाही, पण जन्मभर मनात ठेवन. भीती वाटते, हे इथं लिहून ठेवते. तरी देशीच.

२९ जाने., गुरु.

काल झालं ऑपरेशन. आज पट्टी निघाली. लिहू नको म्हणतात, म्हणून चारच ओळी, मोठ्या अक्षरात.

भिंत पांढरी! डावा झाकून पाह्यलं, पांढरी शुभ्र. उजवा झाकला, पिवळट, जुन्या पातळावानी. दहादा केलं. दहाही वेळा तेच.

उजवा जिंकला!!

१ फेब्रु., रवि.

घरात जत्रा. जो येईन त्याले एक डोळा झाकून दाखवून राह्यली. श्रीले तं चारदा ऐकवलं, "पाह्य तुझी जर्मनी." तो म्हणे, "बरं झालं, आई. लय बरं झालं." खरंच खूश होता. हरल्यावानी काहीच नाही तोंडावर. मीच बह्याडावानी नाचून राह्यली.

रुख्माबाई आली, संगं तिची जाऊ शेवंता. शेवंताचं बी पुढच्या महिन्यात ऑपरेशन. पोरं म्हणतात फॉरेनची टाक, हिच्या मनाचं काही ठरत नाही. "बाई, तुमी म्हनसान ते टाकतो."

"देशी. डोळे झाकून टाक."

हसत हसत गेल्या दोघी.

५ फेब्रु., गुरु.

तपासणी. श्री संगं होता. डॉ.नी आधी उजवा पाह्यला. छान. मंग डावा. बराच वेळ डावा.

"बाई, डाव्याच्या लेन्समागे थोडा पडदा आलाय. म्हणून तुम्हाला पिवळट दिसतंय. कोणत्याही लेन्समागे येऊ शकतो. लेझरनं साफ होतो, पाच मिनिटांचं काम."

"म्हणजे लेन्स खराब नाही?"

"अजिबात नाही."

"उजव्याच्या मागं बी येईल?"

"येऊ शकतो. नाहीही येणार."

"मंग दोन्हीत चांगली कोणती?"

"आधी पडदा तर काढू."

आठवडाभर जर्मनीले नावं ठेवली ती पडद्यापायी. पोरांचे पेपर तपासताना एका ओळीवर कधी मार्क दिले नाही, पूर्ण वाचून दिले. अन स्वतःच्या डोळ्याच्या वेळी पट्टी सुटल्याबरोबर निकाल लावून मोकळी झाली.

श्रीनं नुसती फाईल उचलली. हसला असता तं बरं झालं असतं.

६ फेब्रु., शुक्र.

सकाळी आठपासून फोन हातात घेते अन ठेवते. कोणाले काय समजते म्हणा! डावा साफ करून आणला असता गुपचूप, अन उजवा जिंकला तो जिंकलाच. दोन तास हाच विचार केला. लिहिताना लाज वाटते, पण केला.

मंग लावला शेवंताले.

"थांब. डोळे झाकून नको टाकू."

"अवं माय! रविवारी तं तुमीच म्हनलं."

"म्हटलं. घाईनं म्हटलं." पडद्याचं सगळं सांगतलं.

"तुमचं एक काई ठरत नाई, बाप्पा. तिकडं पोरं कावतात, इकडं तुमी."

"बुधवारी ये. डावा साफ झाला का दोन्हीनं पाहून सांगते."

ठेवून दिला तिनं. रागातच ठेवला. मनीषा स्वयंपाकघरातून ऐकत होती. चहा आणून दिला, आल्याचा.

९ फेब्रु., सोम.

उद्या डाव्याचं लेझर. मंग दोन्ही साफ. मंग खरं समजन.

जेवताना श्री म्हणे, "डावा चांगला निघाला तं?"

"तं सांगीन."

"सगळ्या बायाईसमोर?"

"सगळ्याईसमोर. अन खोटं बोलाची वेळ आली तं तुले बोलावीन. तुझा हात बसला आहे त्यात."

मनीषाले ठसका लागला. श्रीही हसला. त्या कार्डानंतर पहिल्यांदा.

मंग म्हणे, "अन दोन्ही सारखेच निघाले तं?"

याचा मी विचारच केला नव्हता. एवढं सगळं केलं, अन हा एक प्रश्न राह्यला. सारखे निघाले तं मी तं देशीच म्हणीन, हे नक्की. पण शेवंताच्या पोरांनीही तिच्यासाठी भारीतली ठरवून ठेवली असन, श्रीनं ठरवली होती तशी. तिले काय सांगू? "पाहू" म्हटलं.

उजव्याचं कार्ड भेटलं आज. आधी उलटं करून पाह्यलं, मंग सुलटं. आपल्या देशाचं नाव, तेवढंच बारीक. दोन्ही कार्डं एकाच पाकिटात घातली अन फाईल माझ्या कपाटात ठेवली.

श्री दाराशी येऊन उभा राह्यला. "आई, उद्या मी संगं येऊ का?" आजपर्यंत कधी विचारलं नव्हतं त्यानं, सरळ चपला घालून निघाचा.

ये म्हटलं.